कातळावरची संजीवनी

"काका, रोज पाणी घालत होतात?" लेकीची मैत्रीण शाल्मली कुंडीतली काळी, कुजलेली पानं बोटानं चाचपत म्हणाली.

प्रभाकररावांनी मान हलवली. कड्यावरून पाय घसरून लेक गेली, तेव्हापासून तिच्या गॅलरीतल्या कुंड्यांना ते सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालत होते. रडू एकदाही आलं नव्हतं. हे काम मात्र हात आपोआप करत होते.

"ही उघड्या कातळावरची संजीवनी, काका. सुकली की मिटून घेते, पण मरत नाही. पाणी साचलं की कुजते. आम्ही दोघींनी डोंगर पालथे घालून शोधली होती." शाल्मलीनं पिशवीतून मुठीसारखा मिटलेला तपकिरी गोळा काढून त्यांच्या हातावर ठेवला. "त्या दिवशी तिच्या सॅकमध्ये होता."

त्यांनी तो बशीत, पाण्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर गोळा उलगडून बशीभर हिरवा पसरला होता.

बायकोनं सवयीनं तांब्या भरून पुढे केला.

"नको. तिला कोरडंच आवडतं," ते म्हणाले.

मग कितीतरी दिवसांनी त्यांना तहान जाणवली. भरलेला तांब्या त्यांनी स्वतःच्याच तोंडाला लावला.