थेट बोलणी

अदाईने फोन थेट राणीच्या नाकासमोर धरला, आणि तोही डाव्या हाताने. उजव्या हातात तिच्यासाठी रिवाजाप्रमाणे भेट म्हणून आणलेली श्नॅप्स दारूची बाटली होती, तो तरी काय करणार? दाराशी बसलेल्या त्याच्या मावशीने कपाळावर हात मारून घेतला.

कुमासीच्या बाजारात काळ्या साबणाच्या बाबतीत शब्द चालतो तो या बाईचा. सगळे तिला ओहेमा म्हणतात, म्हणजे राणी. ती बाहेरच्या माणसाशी स्वतः बोलत नाही. तिच्या शेजारी ओच्यामे बसतो, सोनेरी मुठीची काठी घेतलेला म्हातारा. तोच तिचं तोंड आणि तोच तिचा कान. तुमचं बोलणं तिला दोन हातांवरून स्वच्छ ऐकू येत असलं, तरी ओच्यामेने सांगेपर्यंत तिने ते ऐकलंच नाही, असं धरून चालायचं. मावशीने हे येताना तीनदा बजावलं होतं. “अगं मावशी, आता सगळं थेट असतं,” असं अदाईही तीनदा म्हणाला होता.

ओच्यामेने बाटली घेतली आणि फोन अलगद बाजूला सारला.

“ओहेमा, पोरगा आपल्यासाठी उजव्या हाताने बाटली घेऊन आलाय. दुसऱ्या हाताचं मनावर घेऊ नये.”

राणीने बाटलीकडे पाहून मान हलवली.

अदाईचं काम तसं सोपं. इंटरनेटवर त्याचं एक पान होतं, तेच आता फोनवर उघडलेलं होतं. त्यावर तो बाजारातल्या मालाबद्दल लिहायचा. लिहायचाही झकास. वाचणाऱ्याने तिथून वस्तू मागवली की विक्रीतला थोडा वाटा त्याला मिळे. पण तो आणि दुकानदार यांच्यामध्ये आक्राची एक कंपनी होती. तिने शेकडो दुकानं एका दावणीला बांधली होती. माल पोचला की नाही ते पाहायचं, तक्रारी ऐकायच्या, हे सगळं कंपनी करायची आणि वरची मलईही तीच खायची. आता तिने नवा करार पाठवला होता. दोन वर्षं कुठल्याही दुकानदाराशी परस्पर व्यवहार करायचा नाही. सही शुक्रवारपर्यंत. आज शुक्रवार होता आणि बिनसहीचा कागद अदाईच्या खिशात होता.

त्याच्या दर दहा गिऱ्हाइकांतली सात राणीच्या साबणासाठी यायची. थेट व्यवहाराला ती हो म्हणाली तर कंपनीला रामराम. नाही म्हणाली तर मुकाट्याने सही. आणि चिडली तर साबणही गेला, आणि साबणामागोमाग पानही. याच पानापायी त्याने चांगली मास्तरकी सोडली होती.

त्याने घसा खाकरला आणि पुन्हा थेट राणीकडेच पाहिलं.

“तुमच्या-माझ्यात तिसरं कुणी कशाला? ही मधली माणसं म्हणजे कोकोच्या झाडावरची बांडगुळं. काम काही नाही, नुसता रस शोषायचा!”

मावशीने डोळेच मिटले. पन्नास वर्षं दोन माणसांच्या मध्ये बसून म्हातारा झालेला ओच्यामे काठीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिला. मग तो राणीकडे वळला.

“ओहेमा, पोरगा म्हणतो, आपलं झाड इतकं रसरशीत आहे की त्यावर चार परक्यांचंही पोट भरतं. त्यालाही सावलीत जागा हवीय.”

राणीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. ती ओच्यामेच्या कानाशी काहीतरी बोलली.

“ओहेमा विचारतात, ही कंपनी नेमकं करते काय?”

“काही नाही हो!” अदाईने खिशातला करार काढून उजव्या हाताने नाचवला. “इथलं तिथं सांगते, तिथलं इथं. आणि वर हे असले कागद पाठवते.”

“इथलं तिथं, तिथलं इथं,” ओच्यामे गोड हसून म्हणाला. “म्हणजे अगदी माझ्यासारखंच की.”

आता कुठे अदाईच्या डोक्यात प्रकाश पडला. “तुमचं तसं नाही हो, आजोबा...” तो चाचरला.

तेवढ्यात राणी बोलली. ओच्यामेशी नाही, थेट अदाईशी. मावशीने खाडकन डोळे उघडले. वीस वर्षं ती या बाजारात साबण विकत होती, पण असं घडलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

“मधलं माणूस नको ना तुला? बरं, नको. गिऱ्हाइकाला साबण हवाय, साबण माझ्याकडे आहे. माझ्या नातीला फोन चालवता येतो. मी सांगेन, ती दाखवेल. मग तू रे कुठं उभा राहणार?”

हजारो लोकांना साबणाची महती पटवणारा गडी आता हातातला कागद चुरगाळू लागला. आपल्याशी कुणी इतकं थेट बोलावं, अशी त्याची मुळीच इच्छा नव्हती. बिचाऱ्याची खरंच कीव यावी अशी अवस्था झाली. त्याने राणीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर समोर अख्खी काठी होती.

“ओच्यामे,” तो हळूच म्हणाला, “तुम्हीच सांगा ना त्यांना काहीतरी.”

म्हाताऱ्याने काठी सरळ केली.

“ओहेमा, पोरगा म्हणतो, त्याला माझ्या शेजारी थोडी जागा द्या. आपलं बोलणं मी या खोलीत सांगतो, तो खोलीबाहेर सांगेल.”

राणी पुन्हा ओच्यामेच्या कानाशी वाकली.

“ऐक पोरा,” ओच्यामे म्हणाला. “ओहेमा म्हणतात, त्यांच्या वतीने बोलायचं असेल तर आधी तो कागद खाली टाक, आणि फोन उजव्या हातात घे.”