हळू आवाजातली सभा

राही गंगारामच्या खांद्यावर निजली आणि त्याच वेळी मारुतीच्या देवळात खलाशांची सभा सुरू झाली.

गंगाराम खांबाला टेकून उभाच राहिला. खाली बसावं तर पोर जागी व्हायची. एक हात तिच्याखाली होता, दुसरा तिच्या पाठीवर. सव्वा वर्षाची पोर सकाळपासून रडत होती. दात येत होते की पोट दुखत होतं, त्याला काही उमगत नव्हतं. तिच्या आईला, जनीला, उमगलं असतं. पण जनी ज्येष्ठात तापानं गेली.

तेव्हा समुद्र बंद होता. शिडाचा मचवा वाळूवर ओढून झावळ्यांखाली झाकलेला. गंगाराम पावसाळाभर घरीच होता. त्याआधी ही पोर त्याला धड ओळखतही नव्हती. तो मुंबईची फेरी करून आला की ती आईच्या पदराआड तोंड लपवायची. आता ती त्याला सोडून कुणाकडे जात नव्हती. शेजारच्या मथुरानं हात पुढे केले तरी किंचाळायची.

आणि नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. भिकाजीशेटचा मचवा नारळ-सुपारी भरून मुंबईला निघणार होता. गंगाराम त्याचा तांडेल. नऊ वर्षं सुकाणू त्याच्याच हातात होतं. एकेक फेरी पंधरा पंधरा दिवसांची. आगबोटी माल पळवायला लागल्यापासून शेट एक दिवसही फुकट घालवायला तयार नव्हता. या सभेत कोण जाणार, कोण राहणार ते ठरायचं होतं. जो सभेला येणार नाही त्याची जागा गेली, असा दंडकच होता. म्हणून तो पोरीला घेऊन आला होता.

केळशीहून सासूचा, यमुनाबाईचा, निरोप आला होता की पोर माझ्याकडे आणून सोड. घरातून निघाला तेव्हा गंगारामनं तसंच ठरवलं होतं. विहिरीपाशी येईतो त्याचं मन फिरलं. तांडेलकी सोडावी आणि इथंच जाळी विणत बसावं, असं वाटू लागलं. देवळाच्या पायरीवर पुन्हा केळशीच बरी वाटली. सभेत काय बोलायचं ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. बोलावं मात्र लागणार होतं.

पण आधी शिवा उठला. शिवा म्हणजे मथुराचा नवरा. नऊ वर्षं तो गंगारामच्या हाताखाली खलाशी होता आणि त्यातली आठ तरी, तांडेलकी आपल्याला मिळायला हवी होती असं बंदरावर भेटेल त्याला ऐकवत होता. वाऱ्यात ओरडून ओरडून त्याचा आवाज पार फाटला होता.

"माझा पयलाच सांगणा हाय," तो गरजला.

राही दचकली. तिचा ओठ थरथरला. गंगाराम जागच्या जागी डुलू लागला. सगळे श्वास धरून बघत राहिले. पोरीनं एक उसासा टाकला आणि मान दुसऱ्या बाजूला वळवली.

"हळू बोल रे," भिकाजीशेट म्हणाला. "पोर निजलाय."

शिवा हळू बोलू लागला. त्याला हळू बोलताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. आता तो काय म्हणतो ते कळेना, म्हणून माणसं पुढे सरकली. त्याच्याभोवती डोकी गोळा झाली. गंगाराम खांबापाशी एकटाच उरला. त्याला नुसत्या पाठी दिसत होत्या.

मधूनच एखादा शब्द ऐकू येई. 'केळशी.' मग 'सुकाणू.' मग बराच वेळ काहीच नाही. मग कुणीतरी म्हणालं, "जमंल तुला?" कुणीतरी हसलं आणि लगेच तोंडावर हात धरला. सगळ्यांत वयस्कर रघूनं पंचाच्या टोकानं डोळे पुसले. गंगारामला कशाचाच मेळ लागेना. पुढे सरकावं तर पोर हलणार होती.

"कबूल?" शेटनं विचारलं.

सगळ्यांचे हात वर गेले. कशाला कबूल, ते गंगारामला समजलं नव्हतं. समजलं असतं तरी हात वर कसा करणार? दोन्ही गुंतलेले होते.

"त्याचा पन हात वर धरूचा," शेट म्हणाला आणि उठला.

माणसं पाय न वाजवता पायऱ्या उतरून गेली. जाताना त्याच्याशी कुणी बोललं नाही. रघू तेवढा राहीच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं करून गेला, न लावता. गंगाराम समजायचं ते समजला. शिवा तांडेल झाला. त्याला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच हातातलं सुकाणू कुणी ओढून घेतल्यासारखं. यातलं खरं कुठलं, तेही त्याला कळेना.

शिवा मागे राहिला होता. तो जवळ आला.

"झाला ना तुझ्या मनासारखा?" गंगारामनं पुटपुटत विचारलं.

"दिवाळीपर्यंत सुकाणू मी धरतंय," शिवा म्हणाला. "तुझ्या नावानं. तांडेल तूच. तवर तू घरी ऱ्हा. पोरीला मथुराची सवय होऊ दे. केळशीला धाडू नको."

आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, याचीच गंगारामला खात्री वाटेना.

"नऊ वर्षं भांडलास माझ्याशी," तो म्हणाला. "आनि आज हा असा?"

शिवानं पोरीकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं आणि लाळ गंगारामच्या बंडीवर सांडत होती.

"भांडायलाच आलो होतो रे," तो म्हणाला. "पण हळू बोलायला लागलो, आनि भलताच बोलून बसलो."