एकवीस किलोमीटरची किलकारी

फुप्फुसात पाणी झालं, तेव्हापासून मी एक जिना चढतानाही दोनदा बसायची. तरी माझ्या लेकीचा, मर्वाचा होणारा नवरा वजीह आठ महिने रोज पहाटेच्या नमाजानंतर दारात हजर. “चला मावशी, किनाऱ्यावर.” आधी एका दिव्याच्या खांबापर्यंत, मग पुलापर्यंत, आणि शेवटी थेट आमच्या इस्कंदरिया शहराच्या अर्धमॅरेथॉनपर्यंत.

शेजारची रईफा गॅलरीतून म्हणायची, “जावई असावा तर असा! पोटचा मुलगाही इतकं करत नाही गं, इन्शिराह.” मी नुसती हसायची.

आज एकवीस किलोमीटर संपवून मी सगळ्यांत शेवटी पोहोचले. पदक घालायला आलेल्या मुलीला म्हटलं, “थांब गं जरा.” ओठांवर हात आडवा धरला, जीभ फिरवली आणि लग्नघरात बायका देतात तशी लांबच लांब किलकारी दिली. समोरच्या गॅलऱ्यांमधून बायकांनी किलकाऱ्यांनीच उत्तर दिलं, टॅक्सीवाल्यांनी भोंगे वाजवले.

माझ्यासोबत धावलेला वजीह तिथेच फुटपाथवर बसला आणि धापा टाकत त्याने घरी फोन लावला. “आई, हॉल ठरव! आजच ठरव! सासूबाईंना जमली!”

आता रईफाला कोण सांगणार, की साखरपुड्यात किलकारीऐवजी माझ्या तोंडून खोकला निघाला, तेव्हा मी भरल्या घरात बजावलं होतं: माझी किलकारी परत येईपर्यंत मर्वाचं लग्न नाही.