उभ्या गाडीचं ऑइल

वर्षभरानं बोटीवरून परतलेला हरिश्चंद्र बायकोला घेऊन राजापुरात धाकूच्या गॅरेजात आला, ते फियाटचे ब्रेक दाखवायला.

"धाकूभाऊ, ऑइल नि फिल्टरपण बदला," कमळा मागच्या सीटवरून म्हणाली.

"अगो, गाडी वर्षभर उभी होती," हरिश्चंद्र हसला. "मीटर बघ, मी सोडून गेलो तोच आकडा. उभ्या गाडीचं ऑइल कोण बदलतो?"

"बदला तुम्ही."

बायकोचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून त्यानं धाकूला खालचा नट सोडायला लावला. "जाताना नवं घातलं होतं. बघ, मधासारखं पडेल."

पडलं ते काजळासारखं काळं.

धाकूनं मान वर केली नाही. "होतं कधीकधी उभ्या गाडीचंपण."

"माझ्यासाठी खोटं बोलू नका, भाऊ." कमळा गाडीतून उतरली. "नाट्याच्या घरून इथल्या दवाखान्यात सासूबाईंना मीच आणत होते. त्या पुढच्या सीटवर बसायच्या."

गाडीला हात लावू नकोस, असं हरिश्चंद्र चार माणसांसमोर बजावून गेला होता. तो म्हणाला, "ऑइलचा हट्ट धरला नसतास तर मला कळलंही नसतं."

"तुम्हाला कळलं नसतं, पण इंजिन गेलं असतं."

तिनं पिशवीतून मीटरची वर्षभर सोडवून ठेवलेली केबल काढली आणि धाकूच्या तेलकट हातावर ठेवली.

"हीपण जोडा. यापुढं मी किती फिरते, ते घरात सगळ्यांना दिसू दे."