पेटीचा तळ

“सांभाळून, दादा. तळ पार फुगलाय,” जादूगाराची बायको म्हणाली, आणि दोघांनी मिळून हातगाडीवरची पेटी दुकानात उतरवली.

सुतारानं आधी नाक लावलं. हा बाबा वासावरून लाकूड ओळखायचा. एकदा त्याला सर्दी झाली, तर आठवडाभर दुकान बंद!

“बाजू सागाच्या. तेलकट वास येतोय. झाकण आंब्याचं, वरून सागाचा रंग फासलाय.” त्यानं पेटी उलटी केली. “आणि हे काय, एमडीएफ? अहो ताई, हे लाकडाचं पीठ, गोंदात मळून थापलेलं. पाणी लागलं की चहातलं बिस्किट.”

तळाच्या मधोमध पातळ प्लायवूडची झडप होती. वर सागाच्या रेघा इतक्या बेमालूम रंगवलेल्या की कुणाला पत्ता लागू नये. बोटानं दाबली की खाली उघडायची.

“तलवारी खुपसायच्या आधी इथून सटकता होय!”

“बावीस वर्षं सटकतेय,” ती हसली. “खालचं टेबल पोकळ असतं. पण कुठं बोलू नका, आमच्या पोटावर पाय द्याल.”

तिनं पर्समधून चिठ्ठी काढली. “ह्यांनी दिलीय. माझा चष्मा घरी राहिला, तुम्हीच वाचा.”

सुतार वाचायला लागला आणि थांबला. मग मनातल्या मनात पुन्हा वाचलं.

‘तळ शिसवीचा, एकसंध. झडप नको. बाहेरून पेटी होती तश्शीच दिसली पाहिजे. बायकोजवळ यातलं काही बोलू नये.’

“काय म्हणतात?”

“काही नाही, मापं आहेत.” त्यानं घसा खाकरला. “ताई, त्या तलवारी खऱ्या असतात का हो?”

“म्हणजे काय! आधी लोकांसमोर भोपळा कापतात. परवाच्या खेळात काहीतरी नवीन प्रकारही आहे म्हणे. मला कोण सांगतंय!”

सुताराच्या कानामागची पेन्सिल खाली पडली. तसंही त्याच्या पोटात कधी काही राहिलं नव्हतं. त्यानं चिठ्ठी शब्दन् शब्द वाचून दाखवली.

ती भुश्शाच्या पोत्यावर मटकन बसली.

“मी हे काम करत नाही,” सुतार म्हणाला. “चला, सरळ पोलिसात जाऊ.”

“काय सांगणार? नवऱ्यानं तळ मजबूत करायला सांगितला?” तिनं पदरानं डोळे टिपले. “तुम्ही नाही केलंत तर दुसरा सुतार करेल, आणि तो मला सांगणारही नाही. तुम्ही चिठ्ठीत आहे तसंच करा, दादा. परवा पहिल्या गाडीनं मी बहिणीकडे जाते. मीच नसले तर पेटीत बसवतील कुणाला?”

सुताराला पटलं. त्यानं कोपऱ्यातली काळसर फळी ओढून काढली. ओढताना त्याचा गुडघा वाजला.

“ही शिसवी. प्लाय वाकतं, पाइन चिरतो, ही मात्र ढिम्म हलत नाही. खिळा ठोकला तर खिळाच वाकतो. आधी भोकं पाडायची, मग स्क्रू पिळायचे.”

“आणि आतून कुणी लाथा मारल्या तर?” तिनं हळूच विचारलं.

“हत्ती बसवा! हत्तीचा पाय मोडेल.”

ती शहारली. बिचारी, सुताराला वाटलं.

संध्याकाळी तयार पेटी घेऊन जाताना तिनं चिठ्ठी मागून घेतली. “पुरावा आहे, माझ्याजवळ असू दे.”

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या खेळाला सुतार बायकोला घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसला. “आज त्या मेल्याची कशी फजिती होते बघ,” तो तिच्या कानात म्हणाला.

जादूगारानं भोपळा कापला. एकाच घावात दोन फाका. मग पेटीवर टकटक केलं.

“अस्सल सागवान!”

“झाकण आंब्याचं आहे,” सुतार पुटपुटला.

“गप बसा हो! घरी पण लाकूड, इथं पण लाकूड,” सुतारीण म्हणाली.

“आणि आता,” जादूगार ओरडला, “माझी लाडकी बायको!”

सुतार हाताची घडी घालून मागे टेकला. आता कुणी येणार नव्हतं.

पडदा हलला. चमचमता झगा घालून ती बाहेर आली.

“अगं, ही गेलीच नाही!” सुतार ताडकन उठला. सुतारणीनं सदरा धरून त्याला खाली ओढलं.

जादूगारानं बायकोचा हात धरून उंच केला. “मंडळी, बावीस वर्षं पेटीत शिरते ही, आणि टाळ्या मिळतात मला! आज न्याय करायचा. कल्पना हिचीच, बरं का!”

लोक हसले. जादूगार लवून नमस्कार करत स्वतःच पेटीत शिरला. बायकोनं झाकण लावलं, कुलूप घातलं, आणि पहिली तलवार उचलली.