पाचवीचा विळा

झोळी विमानतळावरच्या तपासणी यंत्राच्या तोंडात शिरली तशी सोजरबाईने डोळे मिटून घेतले. झोळीत वर ठेच्याचा डबा होता आणि खाली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला, विळा.

विळा घरचा होता. पाचवीच्या रात्री घरातलं प्रत्येक बाळ त्याच्याच भरवशावर झोपलं होतं, लेक योगिनीसुद्धा. आता योगिनी बंगळूरला बाळंत झाली होती आणि उद्या पाचवी. विळा मोठ्या बॅगेत टाक, असं शालिग्राम शिरपूरपासून बायकोला सांगून थकला होता. पण ती बॅग भिंतीतल्या भोकातून कुठे जाते, हे कोणालाच धड सांगता येईना. अशा भोकात घरचा विळा सोडायला सोजरबाई काही खुळी नव्हती.

"पकडलं तं दोघायले आत टाकतीन," शालिग्राम पुटपुटला.

"टाकू दे. उशाखाली विळा नसला तं लेकराले राखीन कोन?"

पट्टा थांबला. खाकीतल्या मॅडमनी झोळी ओढली आणि सगळं सामान ट्रेमध्ये उपसलं. शालिग्राम फडक्याच्या गाठोड्याकडे बघायचं टाळत होता. मॅडमनी नेमका डबा उचलला. यात तेल आहे, विमानात चालणार नाही, म्हणाल्या. यंत्राच्या पडद्यासमोर बसलेले साहेबही उठून आले. तेल कसलं, साधा ठेचा आहे, वाटलं तर हुंगून पाहा, असं सोजरबाईने भोळेपणाने सुचवलं. मॅडमनी झाकण उघडलं.

लवंगी मिरची होती ती. आधी मॅडम शिंकल्या, मग साहेब, मग अख्खी रांग. कमरेचा पट्टा काढून उभा असलेला एक सुटाबुटातला माणूस एका हाताने नाक धरायचा आणि दुसऱ्याने पँट. साहेबांच्या डोळ्यांना धार लागली. त्याही अवस्थेत त्यांनी ठेचा जप्त केला, शालिग्रामच्या खिशातली मिशीची कातर धोकादायक म्हणून काढून घेतली आणि चला, चला, पुढे व्हा, म्हणून दोघांना हाकललं. सोजरबाईने हाताला लागलं ते झोळीत कोंबलं आणि दोघं अक्षरशः पळाले.

विमानाच्या दाराशी रांगेत उभं राहिल्यावर शालिग्रामला हसू आवरेना. सोजरबाईही हसत होती. हसता हसता तिने झोळीत हात घातला आणि तिचं तोंड उतरलं. फडकं नव्हतं. विळा तिथेच राहिला होता. एवढं करून लेकरू उघडंच पडलं, म्हणून तिला रडू फुटलं.

"आजी, थांबा!"

मॅडम धावत येत होत्या. डोळे लाल, नाक लाल, आणि हातात फडक्याचं गाठोडं. विळ्याचं टोक त्यातून चांगलं बोटभर बाहेर आलं होतं. शालिग्रामने आपसूक दोन्ही हात वर केले.

मॅडम एकदा जोरात शिंकल्या. मग त्यांनी गाठोडं सोजरबाईच्या हातात ठेवलं आणि तिला दटावलं, "सामान असं बेवारस सोडत जाऊ नका. सुरक्षेचा प्रश्न असतो."