बिनवासाचं घर

शाल नाकाशी धरली तरी काहीच आलं नाही.

नाकसाहेबांनी ती उलटवली. ग्लास फिरवून वाइन जागी करतात, तशी एकदा झटकली आणि पुन्हा नाक खुपसलं. लोकर. पाणी. उन्हात वाळलेलं कापड. त्यापुढे कोरं.

स्वेटरांचंही तेच, उशीच्या अभ्र्याचंही तेच. बायको जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. माणूस जातं पण वास मागे राहतो, असं लोक सांगायचे. कपाट उघडून, कपड्यांत तोंड घालून रडता येतं म्हणे. नाकसाहेबांना तेवढंच हवं होतं. आणि लेक आज सगळं पिशव्यांत भरून देऊन टाकणार होती.

वाइनच्या कारखान्यात सगळे त्यांना नाकसाहेबच म्हणत. ग्लास हुंगायचा, घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि आत काय भेटलं ते सांगायचं, हे त्यांचं काम. सकाळीच एका पांढऱ्या वाइनबद्दल ते म्हणाले होते, "कच्चं नासपती. खडूची भुकटी. शेवटी आत्याच्या ट्रंकेतलं जुनं लाकूड." मागे एका तांबड्या वाइनला "पावसानंतरचं सुताराचं अंगण" म्हणाले, तर तिची पिंपंच्या पिंपं खपली. त्यांच्या प्रत्येक वाइनमध्ये कुणीतरी असायचंच. आत्या, सुतार, शाळेचे मास्तर. सगळी लग्नाआधीची माणसं. हे त्यांच्या आज लक्षात आलं, उघड्या कपाटासमोर.

लग्नानंतर घराला वासच नव्हता. घरातला वास नाकात बसला की दुसऱ्या दिवशी ग्लासातही तोच येतो, म्हणून नियम त्यांनीच केला होता. बिनवासाचा साबण. केसांना तेल नाही, तोंडाला पावडर नाही, फुलं ठेवायची तर खिडकीबाहेर. बायको हसायची. "लोक नुसते नाकाने कांदे सोलतात, आमच्याकडे खऱ्या कांद्यालासुद्धा बंदी!" म्हणायची आणि नियम पाळायची. त्यांना वाटायचं, तिला मुळात हौसच नाही.

"बाबा, ती शाल द्या इकडे."

लेक दारात उभी होती. खांद्यावर वाटेतच झोपलेलं बाळ. मोकळ्या हाताने ती पिशवीचं तोंड उघडून धरत होती. हल्ली तिचं सगळं एका हातानेच चालायचं.

"थांब जरा."

"काय शोधताय?"

त्यांनी शालीची घडी घातली, मोडली. मग पाठमोरेच म्हणाले, "तुझ्या आईला कसला वास यायचा गं?"

लेकीला आधी हसूच आलं. "अहो, एवढं मोठं नाक तुमचं आणि विचारताय मला?" ते वळले. त्यांचा चेहरा पाहून ती पलंगाच्या कडेला टेकली आणि बाळाला थोपटत राहिली.

"संत्र्याच्या फुलांचा," ती म्हणाली. "अत्तर होतं तिच्याकडे. हातातल्या पिशवीत असायची ती बाटली. घराचा कोपरा ओलांडला की मानेला लावायची. शाळेतून न्यायला यायची ना मला, तर आधी वास यायचा, मग आई. आणि परत येताना जिन्याखालच्या नळावर मान खसाखसा धुवायची. मला वाटायचं, घरात शिरताना सगळ्यांच्याच आया मान धुतात."

नाकसाहेब शाल धरून उभेच राहिले. म्हणजे भाजीवाल्याला ठाऊक होतं. शाळेच्या शिपायाला ठाऊक होतं. खालच्या मजल्यावरच्या मावशींना तर रोजच ठाऊक असणार.

"राग यायचा का तिला माझा?"

"छे हो! म्हणायची, ह्यांचं नाक मी सांभाळते, आणि मला ती बाटली सांभाळते."

"कुठंय ती बाटली?"

"संपली, बाबा. आजारपणात तिनेच टाकायला लावली. म्हणाली, उगाच त्यांच्या हाती लागायची."

"म्हणजे आता कुठेच नाही."

हे ते इतक्या हळू म्हणाले, की लेकीचा थोपटणारा हात थांबला.

"आहे की," ती म्हणाली. "मी तेच लावते. पहिल्या पगारापासून. हे कार्टं तर त्याशिवाय झोपत नाही."

नाकसाहेब पुढे आले. बाळ उठू नये म्हणून दबक्या पावलांनी आले. त्यांनी डोळे मिटले. दिवसाच्या पहिल्या ग्लासावर वाकावं तसे, कसलीही घाई न करता, ते लेकीच्या मानेजवळ वाकले. लांब श्वास घेतला. थांबले. पुन्हा घेतला.

पाणी. फक्त पाणी. कॉलर मागून ओली होती.

लेकीने मान खाली घातली.

"सवय आहे हो लहानपणापासूनची," ती म्हणाली. "मीसुद्धा जिन्याखाली धुऊनच वर येते, बाबा."